तळ

माझे वडील नॉर्थम्प्टनच्या कारखान्यात बुटांचं चामडं कापायचे.
गाय कुठे वाकली, कुठे काटेरी तारेला घासली
हे त्यांच्या अंगठ्याला कळायचं.
मी कार्बनचं कापड कापते.
याला गाय नाही, तारेचे ओरखडे नाहीत,
फक्त ताणा, बाणा
आणि पंचेचाळीस अंशांचा तिरका हट्ट.
सुरी मात्र त्यांचीच, लाकडी मुठीची.

मार्चमध्ये तक्त्यात आमचा संघ शेवटून दुसरा.
नियम असा, की जो मागे
त्याला वाऱ्याच्या बोगद्यात जास्त तास.
ऑसवाल्ड म्हणाला, चला,
निदान हवा तरी खाऊ.

वेरिटी वरच्या मजल्यावर बसते. सव्वीस वर्षांची.
बोगद्यात साठ टक्के मापाची गाडी टांगते
आणि दिवसभर बघत राहते
त्या जागच्या न हलणाऱ्या गाडीकडे,
जिच्याखालून रस्ताच पळत असतो.
एप्रिलच्या शेवटी ती जिना उतरून धावत आली.
घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं होतं:
तळाच्या कडेला, मागच्या चाकाच्या जरा अलीकडे
वारा आत घुसतो आणि धिंगाणा घालतो.
नखाएवढी कड वर वळवायची. बस्स.

त्या नखासाठी
तीन साचे, अकरा रात्री,
फ्रीझरमधून काढलेलं चिकट काळं कापड
थरावर थर, बोटांनी दाबत, कोपऱ्यात श्वास रोखत.
मग पिशवी, मग पिशवीतली हवा काढणं, मग भट्टी.
बाहेर रेपसीडची शेतं पिवळी झाली म्हणे.
मला पार्किंगमधून एक पट्टा दिसला.
भट्टी उघडल्यावर ऑसवाल्डने नाण्याने टकटक केलं,
कान लावून, इंचाइंचाने.
पोकळ आवाज कुठेच नाही.

किती मिळेल? मी विचारलं.
फेरीमागे एक दशांश सेकंद, कदाचित.
ती 'कदाचित' फार हळू म्हणाली.
पापणी मिटून उघडायलाही
याहून जास्त लागत असेल.

जूनअखेर, ऑस्ट्रिया. शुक्रवारी सकाळी
तळावर हिरवा पातळ रंग ओतला,
वारा काय लिहितो ते वाचायला.
बोगद्यातलं अक्षर आणि हे अक्षर
एका हाताचं नव्हतं.
चढणीवर गाडी उड्या मारायला लागली
आणि तुओमास, आमचा फिनिश ड्रायव्हर,
जो जेवतानाही मीठ मागत नाही,
रेडिओवर म्हणाला, माझे दात हलतायत.

रात्री जुना तळ बसवला.
ये रे माझ्या मागल्या.
रविवारी सोळावा.
टीव्हीवरचा समालोचक म्हणाला,
या संघाने काही नवीन आणलेलं दिसत नाही.

मंगळवारी पेटी परत आली.
फटीत ऑस्ट्रियाचे खडे, एक गवताची काडी,
आणि आतल्या बाजूला माझी पेन्सिलची खूण
जशी होती तशी.
वडील आपला नंबर बुटाच्या जिभेखाली ठोकायचे,
जिथे गिऱ्हाईक कधी बघत नाही.
वेरिटी बूट काढून पेटीशेजारी जमिनीवर बसली.
बोगद्यातला रस्ता सपाट असतो, ती म्हणाली.
आणि मॉडेलला दात नसतात, ऑसवाल्ड म्हणाला.
कोणी हसलं नाही. मग तीच हसली,
नाक पुसत, बराच वेळ.

कड अर्ध्या नखाएवढी केली तर?
मी म्हटलं, साचा अजून मोडलेला नाही.
आता आपण शेवटचे आहोत, ती म्हणाली,
म्हणजे जुलैपासून अजून थोडा वारा.

कापड फ्रीझरमधून काढून ठेवलंय.
नरम पडायला वेळ लागतो त्याला.
तोवर मी सुरीला धार लावते.